तिसरी फेरी

वजनकाट्याच्या केबिनला दोन खिडक्या होत्या. एक ट्रकवाल्यांसाठी, पावती जाईल एवढीच उघडी. आणि दुसरी रस्त्याच्या बाजूची, जिची काच रंगात चिकटल्यामुळे कधीच उघडली नाही. काटेवाली बाई या दोन खिडक्यांच्या मधल्या खुर्चीवर बावीस वर्षं बसली. ट्रक लोखंडी पाटावर चढला की ती आधी त्याची नंबरप्लेट बघे, मग समोरचा आकडा, आणि ड्रायव्हरचं तोंड सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. आकडा हलायचा थांबल्याशिवाय ती पावती काढत नसे. ड्रायव्हर मंडळी कायम घाईत.

"बाई, दहा-वीस किलोनं काय आभाळ कोसळतंय?" असं रोज कोणीतरी विचारी.

"आभाळाचं मला माहीत नाही. माझ्याकडे काटा आहे," ती म्हणे, आणि आकड्याकडे बघत बसे.

चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. बाजारात कोणी ओळखीचं हसलं की ती गोंधळून जाई. त्यानं गाडीचा नंबर सांगितला की मात्र लगेच, "अच्छा, सत्तेचाळीस बारा! बरे आहात ना?"

मोटरसायकल मुळात तिच्या नवऱ्याची. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यानं ती हौसेनं घेतली, अकरा महिने चालवली, आणि मग पाठीच्या मणक्यानं दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे खुर्चीसुद्धा सरळ पाठीचीच हवी. गाडी जिन्याखाली ताडपत्रीत गेली. दर रविवारी तो ताडपत्री काढी, गाडी पुसे आणि पुन्हा ताडपत्री घाली. बायकोला ते बघवेना.

"अहो, विकून तरी टाका ती."

"विकून काय करू? तू शीक की."

तो थट्टेत म्हणाला होता. ती शिकली. तेव्हा तिचं वय सेहेचाळीस होतं. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या पटांगणात तो सरळ पाठीची खुर्ची टाकून बसे आणि तिथूनच ओरडे, "अगं, क्लच हळू सोड. हळू! नवरा नाही तो, एकदम सोडून द्यायला." तीन महिन्यांत गाडी तिच्या हातात बसली. सहा महिन्यांनी ती कामावर गाडीनं जाऊ लागली. आणि मग तिला केबिनच्या त्या दुसऱ्या खिडकीतला रस्ता पुढे कुठे जातो ते बघावंसं वाटू लागलं. बावीस वर्षं तिनं पावत्यांवर दूरदूरच्या गावांची नावं लिहिली होती. त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं.

नवऱ्याची एकच अट होती: लांब जायचं तर एकटीनं नाही. "वाटेत काही झालं तर मी काय खुर्ची घेऊन येऊ तिथं?"

लांब जाणारे गट शहरात दोन होते. एकात सगळी तरणी पोरं. ती रस्ता बघायला नाही, संपवायला निघत. दुसरा गट मास्तरांचा. मास्तर चौतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले. आधी रस्ता वहीत आखायचा, मगच त्यावर चाक घालायचं, अशी त्यांची रीत. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर गटाचे नियम लिहिलेले होते. नव्या माणसाला पाहुणा म्हणून तीन फेऱ्या मिळत. तिसरी झाली की त्याला सभासद करून घ्यायचं की नाही ते ठरे. 'नाही' ठरलं तर राम राम, पुन्हा यायचं नाही. तेव्हा काटेवाल्या बाईचा पुढचा सगळा रस्ता त्या एका 'हो'वर टांगलेला होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गटाची चालायची पद्धत अशी. गाड्या बारा. सगळ्यांत पुढे मास्तर, सगळ्यांत मागे बेकरीवाला. त्याला सगळे 'शेपूट' म्हणत आणि त्याच्या अंगात नारंगी जॅकेट असे. रस्ता फक्त मास्तरांना माहीत. वळण आलं की ते हातानं खाली खूण करत, आणि त्यांच्या लगेच मागचा स्वार त्या वळणावर कडेला थांबे. त्याला म्हणायचं 'खांब'. मागून येणाऱ्या प्रत्येकाला खांबानं हात करून दिशा दाखवायची. नारंगी जॅकेट आलं की त्याला मागे ठेवून आपण पुढे निघायचं. पुढच्या वळणावर दुसरा कोणीतरी खांब. असं केलं की बाराजण मैलभर विखुरले तरी कोणी चुकत नाही, आणि फोनचीही गरज पडत नाही.

"खांबाला अक्कल लागत नाही," मास्तर पाहुण्यांना सांगत. "फक्त हलायचं नाही."

पहिली फेरी सुरळीत झाली. दुसऱ्या फेरीत सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यापाशी बाई खांब होती. सातजण गेले. मग मोटरसायकलवरून एक नारंगी जॅकेट आलं. त्यानं हातही वर केला. बाईनं गाडी चालू केली आणि निघाली.

तो रस्ते खात्याचा माणूस होता, जेवायला घरी चालला होता. खरं शेपूट तीन गाड्यांच्या मागे अजून चार किलोमीटरवर होतं. ते चौघं रिकाम्या वळणावरून सरळ गेले, ते बेचाळीस किलोमीटरवर एका दगडाच्या खाणीपाशी रस्ता संपला तेव्हा थांबले. मुक्कामी पोचायला त्यांना दुपारचे सव्वातीन झाले. चौघांत फोटोवाला होता. तो समारंभांचे फोटो काढी, आणि त्याच्या बोलण्यालाही फ्लॅश होता.

"मॅडम," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नारंगी कपडे घातलेला प्रत्येक माणूस आमचा नसतो."

मास्तर एवढंच म्हणाले, "तिसऱ्या फेरीत असं झालं तर मला बोलायची वेळ आणू नका."

घरी नवऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "त्या जेवायला चाललेल्याला पत्ताच नाही, बिचाऱ्याला," तो म्हणाला.

"नाही ना. हातसुद्धा केला त्यानं."

"काट्यावर तुला रोज पन्नासजण हात करतात. तिथून कधी उठून गेलीस का?"

पण काट्यावर ती कपडे बघत नव्हती, नंबर बघत होती. तिला सांगितलं नारंगी जॅकेट बघ, म्हणून तिनं तेवढंच बघितलं. आणि जे तिला येत होतं ते घरी ठेवून गेली. तिनं कानाला खडा लावला. तिसऱ्या फेरीच्या आधी तिनं अकराही गाड्यांचे शेवटचे चार आकडे पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहिले आणि पट्टी पेट्रोलच्या टाकीवर चिकटवली. कोणाला सांगितलं नाही.

तिसरी फेरी दोन दिवसांची होती, पठारावरच्या एका मोठ्या तलावापर्यंत. शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळे निघाले. हवा कोरडी होती, वारा समोरून. चौथ्या वळणावर मास्तरांनी हात खाली केला आणि बाई खांब झाली. तिथं एक बंद पडलेलं टायरचं दुकान होतं, आणि रस्त्याला दोन फाटे, दोन्ही सारखेच रुंद. बाई उजव्या फाट्याकडे हात करून उभी राहिली. एकेक गाडी आली, वळली; बाईनं पट्टीवर एकेक टिंब दिलं. मास्तर धरून नऊ झाल्या. मग नारंगी जॅकेट आलं. बाईनं प्लेट बघितली. तेहतीस शून्य नऊ. बेकरीवालाच.

"चला ताई, व्हा पुढे," तो म्हणाला.

"एक्याऐंशी छप्पन्न गेली नाही अजून."

"कोण छप्पन्न?"

"फोटोवाल्यांची गाडी."

बेकरीवाला हसला. "ताई, मी शेवटचा. माझ्यामागं कोणी नसतं. शेपूट म्हणतात मला."

"पण ती गेलेली नाही. दहाच झाल्या, तुम्हाला धरून."

"तुम्ही पाणी प्यायल्या असाल, तेवढ्यात गेली असेल. नऊ वर्षं शेपटीला आहे मी. पहाटे तीनला उठून भट्टी लावणारा माणूस. डोळ्यात तेल घालून बसायची सवय आहे आपल्याला. कोणी मागं राहिला तर दिसणार नाही?" त्यानं तरी फोन काढला आणि फोटोवाल्याला लावला. बंद होता. "बघा. चालवतोय म्हणून बंद आहे. चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी थांबते."

"ताई, गेल्या खेपेला आधीच निघालात. आता निघतच नाही. मधलं काही जमतं का तुम्हाला?" तो चिडून नव्हे, काकुळतीला येऊन बोलत होता. "मला थांबता येत नाही. पुढच्या वळणावरचा माझी वाट बघतोय. आणि जेवायला गेलो की मास्तर विचारणार. मग मला सांगावं लागेल."

"सांगा की."

तो गेला. तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाईनं टिंबं पुन्हा मोजली. पाणी ती प्यायलीच नव्हती. पण नऊ वर्षं शेपटीला असलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर मनात किंतु आलाच. फोटोवाला कदाचित घरी परतला असेल. कदाचित दोन गाड्या जोडीनं गेल्या असतील आणि आपण एकच टिंब दिलं असेल. या अर्ध्या तासात आपण काय पणाला लावलंय, तेही तिला स्पष्ट दिसत होतं: दुसऱ्या फेरीत नियम मोडला तो न कळून, आज कळून. 'नाही' म्हणायला मास्तरांना याहून जास्त काही लागणार नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला मागच्या रस्त्यानं एक ट्रक आला आणि दुकानापाशी हळू झाला. बाईनं प्लेट बघितली आणि हात केला.

"बाई, काटा इथं आणला की काय?" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"एकवीस चौसष्ट, मागं कोणी मोटरसायकलवाला दिसला का हो? पाठीला काळी पिशवी."

"चिटपाखरू नाही. सगळा रस्ता मोकळा आहे." तो जरा थांबला. "कोणाची वाट बघताय?"

"एका गाडीची."

"आली असती तर मला ओलांडून गेली असती," ड्रायव्हर म्हणाला, आणि गेला.

बाई उभी राहिली. तिच्याजवळ पट्टीवरच्या एका रिकाम्या जागेशिवाय काहीही नव्हतं.

अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी एक्याऐंशी छप्पन्न आली. फोटोवाला आरामात चालवत होता. बाईला बघून त्यानं कुठल्याही खांबाला करावा तसा एक हात वर केला आणि न थांबता उजवीकडे वळला. आपण मागे राहिलो होतो हे त्याला माहीतच नव्हतं. शेपूट आपल्या मागे आहे अशाच समजुतीत तो होता. बाईनं शेवटचं टिंब दिलं आणि त्याच्यामागे निघाली.

पुढच्या वळणावर खांब नव्हता; तो कधीच बेकरीवाल्याबरोबर गेला होता. फोटोवाला तिथं थांबून इकडेतिकडे बघत होता. दिशादर्शक पाटीच्या एका दांडीला नारंगी जॅकेट लटकत होतं, बाह्यांची गाठ मारलेलं.

"हे कोणाचं राहिलं इथं?" फोटोवाल्यानं विचारलं.

"शेपटीचं," बाई म्हणाली. तिनं जॅकेट सोडवलं, घडी घालून मागच्या पिशवीत ठेवलं आणि ते ज्या दांडीला होतं त्या बाजूला गाडी घातली.

जेवणाची जागा सतरा किलोमीटरवर होती. पत्र्याखाली एक लांब टेबल, त्याला सगळे बसलेले. कोणी जेवायला सुरुवात केली नव्हती, आणि भुकेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो तो भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. बेकरीवाला नुसत्या शर्टात होता. जॅकेट कुठे, असं मास्तरांनी त्याला आधी विचारलं तेव्हा 'गरम होत होतं' एवढंच म्हणाला होता.

"बाई," मास्तर म्हणाले, "शेपूट येऊन गेल्यावर तुम्ही अडतीस मिनिटं वळणावर थांबलात."

"हो."

"कोणासाठी?" फोटोवाल्यानं खुर्ची ओढत विचारलं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे मी हरवलो होतो?"

"नाही हो," बाई म्हणाली. "मागे होतात फक्त."

"पुलाच्या अलीकडे ती पडकी भिंत आहे ना, तिच्या आड एक साप कात टाकत होता. असला फोटो मिळाला आहे..." त्यानं कॅमेऱ्याला हात घातला, मग वातावरण बघून काढून घेतला.

बेकरीवाला चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती. "मी पुढं आलो यांच्या," तो कपाकडे बघत म्हणाला. "भिंतीआड गाडी होती, मला दिसली नाही. ताईंनी सांगितलं, मी ऐकलं नाही." नऊ वर्षांत असं वाक्य बोलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती; ते म्हणून झाल्यावर त्यानं चहा एका दमात संपवला.

मास्तरांनी मान हलवली. "ते झालं. पण नियम काय आहे? खांबानं शेपटीबरोबर निघायचं. उद्या प्रत्येक खांब आपापला हिशोब करून थांबायला लागला, तर कोण कुठे उभं आहे हे कोणालाच कळणार नाही. आज माणूस आला. उद्या एखादा न सांगता घरी जाईल, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत उभ्या राहाल."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाली. तिला ते खरोखरच पटलं होतं.

"मग पुन्हा असं करणार नाही एवढं म्हणा. मी वहीत सही करतो. तिसरी फेरी झाली, सभासद झालात, विषय संपला."

सगळे तिच्याकडे बघू लागले. फोटोवाला कुजबुजला, "म्हणून टाका ना मॅडम. काय जातंय?"

बाईनं हातातले मोजे टेबलावर ठेवले, एकावर एक. बराच वेळ घेतला. आकडा हलायचा थांबेपर्यंत ती केबिनमध्ये जेवढा घेई तेवढा.

"तसं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "नंबर राहिला तर मी थांबणार. आत्ता हो म्हटलं तरी तिथं गेल्यावर थांबणारच, मग तुम्हाला खोटं सांगितल्यासारखं होईल."

कोणीतरी भांडं सरकवलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी वही पुढच्या पानापासून उघडली आणि बोट धरून वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. जेवण आलं. कोणी हात लावला, कोणी लावला नाही. बाई समोरच्या ताटाकडे बघत बसली. नवऱ्याला काय सांगायचं ते तिनं एव्हाना मनात जुळवून ठेवलं होतं: तीन फेऱ्या झाल्या, तीनही चांगल्या झाल्या, गाडीला ओरखडा नाही.

पाचव्या पानावर मास्तरांचं बोट थांबलं.

"नियम अकरा," त्यांनी वाचलं. "फेरी झाली असं केव्हा धरावं. स्वार शेपटीच्या पुढे राहून मुक्कामी किंवा जेवणाच्या जागी पोचला पाहिजे. मागून पोचल्यास ती फेरी धरू नये." त्यांनी वर बघितलं. "बाई, तुम्ही शेपटीच्या मागून पोचलात."

"हो. पाऊण तास मागून."

"म्हणजे ही फेरी तुमची झालीच नाही. दोनच झाल्या. तिसरी व्हायची आहे. झाली की ठरवू."

सगळ्यांत आधी बेकरीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आणि मास्तर, पुढच्या खेपेलाही ताई मागून आल्या तर?"

"तर तीही धरता येणार नाही," मास्तर म्हणाले. "नियम आहे." त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी वही मिटली आणि ताट पुढे ओढलं.

"आणि मी?" फोटोवाल्यानं विचारलं. "मीही मागूनच आलो की."

"तुम्ही सभासद आहात. तुमचं काही करता येत नाही. जेवा."

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर गटाच्या अठरा फेऱ्या झाल्या आणि बाई अठराही फेऱ्यांना होती. दरवेळी कमीत कमी एका वळणावर मास्तर तिला उभी करतात. जिथं दोन्ही रस्ते सारखे दिसतात, पाटी नसते किंवा चुकीची असते, असं वळण हुडकून. बेकरीवाला येतो, गाडी हळू करतो आणि हनुवटी वर करून विचारतो. बाई पट्टी बघून मान डोलावते. अठरा वेळांत दोनदा तिनं ती आडवी हलवली. त्या दोन्ही वेळा बेकरीवाल्यानं वाद घातला नाही, पुढच्या वळणावर जॅकेट बांधून तो गेला. पण सगळ्या गाड्या गेलेल्या असल्या तरी बाई त्याच्या पुढे निघत नाही. त्याला जाऊ देते, मोजे नीट चढवते, आरसा पुसते, आणि मग निघते. मुक्कामी ती दोन मिनिटं का होईना मागूनच पोचते. मास्तर घड्याळ बघतात आणि वहीत लिहितात.

एकदा वार्षिक बैठकीत फोटोवाल्यानं ठराव मांडला की बाईंना हात वर करून सभासद करून टाकावं, हा काय पोरखेळ. मास्तरांनी त्याला खाली बसवलं. तिसरी फेरी झाल्याशिवाय विषय घेता येत नाही, म्हणाले.

नवरा आता पासष्टचा आहे. फेरीहून ती परतली की तो सरळ पाठीच्या खुर्चीतून उठून जिन्याखाली येतो, गाडीच्या मीटरवरचा आकडा वाचतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मागच्या रविवारी त्यानं सगळ्यांची बेरीज केली. तिसरी फेरी सहा हजार चारशे बारा किलोमीटर झाली होती.

"अजून किती आहे गं ती?" त्यानं विचारलं.

"बघू," ती हेल्मेट खुंटीला अडकवत म्हणाली. "पाणी तापत ठेवा, पाय आखडलेत."